हितंच बस

बारामती
१० डिसेंबर १९९५

ज्ञानू,

जय भीम. खुशाली बिशाली लिव्हत न्हाय. जिती हाय म्हणूनच लिव्हते. अक्षर बगून हसू नगंस. तू चौथीपत्तुर शिकलास, मी साठीला टेकल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसले. आता मला आडवणारं कोण न्हाय.

काम आसं हाय. तुज्या दोनी भाच्यांची डोस्की फिरलीत. सोमनाथनं कंपनीत आठ दिसाची सुट्टी टाकलीय. धाकटा अनुप गोव्याच्या हाटेलातनं आलाय, संगट एक फळी घिऊन. पुरुषभर लांब, म्होरं चोच. कुणी गोरा गिऱ्हाईक टाकून गेला म्हणं. त्या फळीवर हुबं ऱ्हायाचं आन दर्याच्या लाटंवरनं घसरत काठाला यायचं, ह्याला खेळ म्हणत्यात. मी म्हणलं, घसरायचंच तर आपल्या मोरीत घसर, त्यापायी डिझेल कशाला जाळतोस?

तर समदी निघालोय कोकणात, गुहागरच्या म्होरं. जीप सोमनाथच्या दोस्ताची. तितं वाळूत तंबू ठोकायचा, मासं धरायचं, तितंच शिजवायचं, तितंच निजायचं. घर सोडून उघड्यावर निजायला आमी काय ऊसतोडीला चाललोय? पण सून म्हणाली, "आत्या, तुमी जल्मात दर्या बगितला न्हाय." अंजलीचं बोलणं मऊ, पण सुटका न्हाय. आन तेजश्री, आठ वर्साची कार्टी, रोज सकाळी पिशवी भरती आन सांजच्याला रिकामी करती. नातीसाठी जातेय आसं समज.

तुज्याकडचं गळ आन ती निळी ताडपत्री यस्टीच्या डायवरकडं दे. नवं घ्यायला सांगू नगंस.

चतुरा


पळसदेव
१४ डिसेंबर १९९५

आक्का,

जय भीम. पत्र पावलं. गळ सात, नायलानची दोरी आन ताडपत्री आजच्या दुपारच्या गाडीनं दिली. डायवर वळखीचा हाय. स्टँडवर जाऊन घे.

हितं धरणाचं पाणी यंदा लवकर उतराया लागलंय. जुन्या गावच्या देवळाचा शेंडा आत्ताच दिसतोय. एरवी उन्हाळ्याबिगर दिसत न्हाय.

एक सांगतो. जायाचं तर जा. पोरीला नेऊ नगंस. न्यायाचीच आसली तर हात सोडू नगंस. आन पाण्याच्या काठाला तिला "हितंच बस, मी आले" आसं म्हणू नगंस. जागा कोरडी दिसली तरी म्हणू नगंस.

का, ते इचारू नगंस.

ज्ञानू


बारामती
१८ डिसेंबर १९९५

ज्ञानू,

सामान मिळालं. ताडपत्रीला माशाचा वास हाय, दोनदा धुतली, जात न्हाय.

तू आसा कवा झालास रं? छप्पन साली आपण दीक्षा घेतली तवा भूतखेत, उतारा, नजर समदं गाठोडं बांधून टाकलं. आपला बा म्हणाला हुता, आजपास्नं ह्या घरात कुणाला कशाचं भ्या न्हाय. आन आता तू म्हणतोस हे बोलू नगंस, ते इचारू नगंस. तुजी बायकू बी तसलीच. म्होरं चांगलं सागवानी दार आसताना जल्मभर परड्यातनं घरात यायची. मी कितींदा टोचून बोलले तिला. खाली मान घालून हसायची. मेली बिचारी, पण याड सोडलं न्हाय.

तुजी धाकटी पोर नकोशी गेली ती तापानं, सोलापूरच्या दवाखान्यात. पाण्यानं न्हाय. लेकरू गेल्याला सतरा वरसं झाली, आता माज्या नातीला घाबरवू नगंस.

आन पाण्याचं तर मला शिकवूच नगंस. आपलं गाव उजनीत बुडालं तवापास्नं दर हिवाळ्याला माहेरी येऊन बगते. पाणी एकदा मागं सरलं की पाऊसकाळाबिगर म्होरं येत न्हाय. उघड्या पडलेल्या गाळात तुमी कांदा लावता, खुरपता, काढता, बाजारात नेता, तवर पाणी जाग्यावर. पाणी त्ये पाणी. दर्याचं काय येगळं आसंल?

शुक्रवारी निघतोय.

चतुरा


दर्याकाठ
२५ डिसेंबर १९९५, सकाळचं

ज्ञानू,

पोचलो. गुडघ्यावर पाट ठिवून लिव्हतेय, वाऱ्यानं कागूद फडफडतोय.

वाटंत एक गंमत झाली. अनुपनं ती फळी पांढऱ्या चादरीत गुंडाळून जीपच्या टपावर बांधलेली. फलटणच्या चौकात जीप थांबली तर दोन म्हातारी माणसं टोप्या काढून हुबी ऱ्हायली. एकानं सोमनाथला हळूच इचारलं, "कोण हो?" सोमनाथला काय सुधरंना. मी आतनं वरडले, "कोण न्हाय, फळी हाय!" तर तो म्हातारा म्हणतो, "असू द्या बाई, दुःख मोठं हाय तुमाला." साताऱ्यापत्तुर हसलो. मग कुणाला हसू येईना. उतरून चादर काढाया लावली मी.

दोन दिस वळखीच्यांकडं चिपळुणात काढलं. आज उजाडताना हितं आलो.

दर्या बगितला. मोठा हाय. आवाज लई करतो.

आलो तवा पाणी लांब हुतं. तंबू ठोकस्तोर आणिक मागं गेलं. मी म्हणलं बगा, पौष महिना, पाणी उतरतंय. वर मऊ वाळूत खुट्या ऱ्हाईनात, म्हणून खालच्या अंगाला घट्ट वाळूत ठोकलाय. थोडी ओल हाय, पण ती आपल्या गाळाला बी आसती. खाली तुजी ताडपत्री.

हितला एक नारळवाला आला सायकल घिऊन, रामहरी नाव. म्हणाला, "आजी, तंबू वर सुरूच्या झाडांत न्या. दुपारी पाणी हितपर्यंत येतं." मी म्हणलं, बाबा, आमी धरणाकाठची माणसं, पाणी कुठवर येतं ते आमाला शिकवू नगंस. तो हसला, दोन नारळ दिलं आन म्हणाला, "परत सांगून ठेवतो, वर न्या." कोकणी माणूस, उगा भ्या घालतो. झाडाखाली तंबू बांधला तर भाडं मागंल.

सोमनाथ पल्याड खडकावर गळ टाकून बसलाय. गळाला कणकेचा गोळा, उजनीत चिलापीला लावतो तसा. दर्यातलं मासं वास घेत्यात आन निघून जात्यात. अनुप फळीवर धा येळा चढला, धा येळा पडला. तेजश्री टाळ्या पिटून मोजतेय.

आता अंजली आन मी वर रामहरीच्या वाडीत गोडं पाणी आणाया निघालोय. हे पत्र त्याच्याच सायकलीवर टपालात जाईल. सामानाला कुणीतरी पायजे, म्हणून तेजश्रीला ताडपत्रीवर बसवलीय. म्हणलं हितंच बस, हलू नगंस, मी आले.

तुजी आठवण झाली. म्हणून मुद्दाम लिव्हलं. बग, काय सुदिक झालं न्हाय.

चतुरा


पळसदेव
२९ डिसेंबर १९९५

आक्का,

पत्र आत्ता दुपारी मिळालं. तुमी आता कुठं आसाल ते म्हायती न्हाय, म्हणून बारामतीच्या पत्त्यावर टाकतोय.

पोरगी कुठं हाय? तार कर.

दुसरं काय लिव्हत न्हाय.

ज्ञानू


बारामती
१ जानेवारी १९९६

ज्ञानू,

पोरगी जिती हाय. तार केली ती पोचली आसंल. आता बाकीचं वाच, आन बसून वाच.

रामहरीच्या वाडीत त्याची बायकू भेटली. बाई बोलकी. आंबील दिली, कुठलं गाव, किती पोरं, समदं इचारलं. तासभर गेला. दोन तास गेलं आसतील, खोटं कशाला बोलू. कळशी भरून वाळूवर आलो तर मला वाटलं चुकून दुसऱ्याच जाग्याला आलो. तंबू न्हाय. जितं तंबू हुता तितं पाणी. नुसतं हुबं न्हाय, येतंय, मागं जातंय, आणिक वर येतंय. आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं तरंगत हुतं. तुजी निळी ताडपत्री पाण्यावर आशी पसरली हुती जशी कुणी खालनं धरलीय.

मी वरडले ते मला ठावं न्हाय. अंजली सांगती. ती कळशी टाकून तशीच लुगड्यानिशी पाण्यात शिरली, लाटंनं पाडली, पुना उठली. सोमनाथ खडकावरनं पळत आला, लाटा हुडकत पल्याड गेलेला अनुप बी आला. अनुपनं फळीवर पालथं पडून हातानं पाणी मारत समदं पालथं घातलं. ताडपत्री वडली, तिच्याखाली बगितलं. त्या फळीला मी काय काय बोलले हुते, ती फळी त्या दिशी नातीला हुडकत फिरली.

आर्धा तास. मी गुडघाभर पाण्यात हुबी. ज्ञानू, मला तुजंच पत्र आठवत हुतं.

मग वरनं रामहरी वरडला. सुरूच्या झाडात पोरगी हाय.

गेले. उन्हात हुबी हुती. झगा कोरडा. पाय कोरडं. चपला पायात. रडली न्हाय, भ्याली न्हाय. एक हात बाजूला आसा आडवा धरलेला, बाजारात आपण पोराचा धरतो तसा. मी जवळ गेले तवा हात सोडला.

मी तिला पयली एक ठिवून दिली, मग पोटाशी धरली. म्हणलं, तुला हितंच बस म्हणलं हुतं ना? तर म्हणाली, "आजी, मी बसले हुते. पण ती म्हणाली बसू नगंस. ऊठ. मला बी हितंच बस म्हणले हुते, मी बसले."

कोण ती? तर म्हणाली, "माज्याएवढीच. केस लाल, तेल न लावल्यावानी. मांडीवर डालगं, डालग्यात कोंबडी. कोंबडीचा आवाज येत न्हवता."

तुज्या नकोशीचं केस तसलंच हुतं. पाणी प्याले, पुना लिव्हते.

मी परत जाऊन वाळूत पावलं बगितली. मी भुतं मानत न्हाय, डोळं मानते. तिच्या चपलेची एकच रांग हुती. दुसरी कुणाची न्हाय. पण झाडात जायाची वाट हाय ती हातभर रुंद, दोनी अंगाला काटं. पोरगं एकटं चाललं तर मधनं चालंल. ही पार कडंला काट्याला घासत गेलीय. पायाला वरखडं हायेत. जशी दुसऱ्याला जागा ठिवून चालली.

आजून हाय. परतीच्या वाटंला, चिपळुणात, पोरगी झोपंत न्हाय, चांगली जागी, भेळ खात खात मला म्हणाली, "आजी, ती इचारत हुती, होडी आणाया गेलेला बा आला का?"

तेजश्री सोमनाथला पप्पा म्हणती. बा हा शबूद आमच्या घरात मी सोडून कुणी बोलत न्हाय. होडीचं तर कुणीच बोललं न्हवतं.

मी उलटसुलट इचारत न्हाय, मला तसलं जमत न्हाय. सरळ इचारते. नकोशी तापानं गेली का?

चतुरा


बारामती
२० जानेवारी १९९६

ज्ञानू,

कार्डच टाकते. तुजं उत्तर न्हाय. पळसदेवचा मासंवाला हितं मंडईत भेटला, म्हणाला ज्ञानूतात्या ठीक हायेत, रोज संध्याकाळी पाण्याकडं तोंड करून बसत्यात. म्हंजी आजारी न्हाईस. म्हंजी लिव्हायचं न्हाय.

तेजश्री शाळंत जाती, जेवती, खेळती. एवढंच, की जेवाया बसली तर चटईच्या कडंला बसती. अंजली म्हणती मधी सरक की. ती म्हणती, "जागा ठिवलीय." काल अंजली रडली. सोमनाथ म्हणाला डाक्टरला दाखवू. मी म्हणलं डाक्टरला काय दाखवता, मोकळी चटई?

गेल्या आठवड्यात अंजलीनं तिला सरळ मधी वढून बसवली. तर पोरगी जेवलीच न्हाय. तीन दिस. आता उलट कडंला बसाया लागलीय, पार भितीला. जागा वाढत चाललीय, ज्ञानू. आमची पोरगी बारीक हुत चाललीय.

आता तरी लिव्ह. तुजी इज्जत राख म्हणत न्हाय, माजी नात राख.

चतुरा


पळसदेव
४ फेब्रुवारी १९९६

आक्का,

चार येळा लिव्हलं, चार येळा चुलीत घातलं. ह्ये पाचवं. वाचून बगणार न्हाय, तसंच टपालात टाकणार.

नकोशीला ताप आला न्हवता. दवाखाना खोटा. सोलापूर खोटं.

गाव सोडायचा शेवटचा दिस. अठ्ठ्याहत्तरचा पाऊसकाळ. समदं गाव वर गेलं हुतं, आपला वाडा म्हंजी वस्ती शेवटाला. गाडी नेहमी शेवटाला मिळायची. मी दोन खेपा केल्या, बायकू आन थोरल्या पोरी वर पोचवल्या. तिसऱ्या खेपंला नकोशी म्हणाली मी येते, माजी कोंबडी ऱ्हायली. घिऊन गेलो. घराचं दार आन वासं काढलं तवर मधल्या वढ्याला पाणी चढलं. बैल घालता येईना.

देवळाच्या पायऱ्या गावात समद्यात उंच. त्या पायरीवर आपल्याला जल्मात कुणी बसू दिलं न्हवतं. त्या दिशी आडवायला कुणी न्हवतं. मी तिला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवली. तिला लई मजा वाटली. इचारलं, बा, हितं बसलं तर चालतं? मी म्हणलं, आता चालतं. हितंच बस. हलू नगंस. मी होडी घिऊन आलो.

भोयाच्या वस्तीवर पवत, चालत गेलो. होडी मिळाली. परत आलो.

आक्का, हितं मी जे केलं ते मी सतरा वरसं कुणाला सांगितलं न्हाय. वाटंत आपलं घर पयलं लागतं, देऊळ पल्याड. दार आन वासं तितं पडलं हुतं, पाणी लागत हुतं. ती पायरीवर दिसत हुती, हात हालवत हुती. पायऱ्या आठ हुत्या आन पाणी पयलीला लागलेलं. मी म्हणलं आजून सात हायेत. आदी लाकूड न्यावं, मग पोरगी. सागवान हाय, वाहून गेलं तर परत मिळत न्हाय. मी वरडून सांगितलं, हितंच बस, ही एक खेप टाकून आलो. ती बसली. मी सांगितल्यालं समदं ऐकायची ती.

खेप टाकून आलो तर आठी पायऱ्या पाण्यात. धरणाचं पाणी तसं हळू चढतं, पण त्या दिशी वरनं नदीचा लोंढा आला हुता. डालगं सापडलं. कोंबडी मेलेली आत. ती न्हाय.

बायकूला खरं म्हायती हुतं. तेच दार नव्या घराला लावलं, तवापास्नं मरस्तोर तिनं त्या दारातनं पाय टाकला न्हाय. परड्यातनं यायची. तू तिला येडी म्हणायचीस, ती ऐकून घ्यायची.

मी रोज त्याच दारातनं आत जातो.

तुज्या पोरीला म्हणावं, बा आला न्हाय.

ज्ञानू


बारामती
११ फेब्रुवारी १९९६

ज्ञानू,

पत्र मिळालं. कुणाला दाखवलं न्हाय.

तुला शिव्या द्यायला बसले हुते. पानभर दिल्या बी. मग फाडलं. कारण मी तरी काय केलं? कळशीभर पाण्यापायी आन आंबिलीच्या वाटीपायी तसंच म्हणून गेले. तू सांगून बी म्हणून गेले. तुज्यात माज्यात फरक एवढाच की माजी उठली. आन ती उठली, कारण तुजीनं उठवली. नाव काय ठिवलं हुतं आपण तिचं, आन कामाला कोण आली बग.

तुज्या बायकूला मी काय काय बोलले. ते आता कुणाला सांगू?

मी भूत म्हणत न्हाय. आपण ते सोडलं, ते सोडलंच. पण एक लेकरू बापानं सांगितलं म्हणून बसून हाय, एवढं मला कळतं. त्याला दीक्षा आड येत न्हाय. आंगारा, उतारा, देवरुशी कुणी सुचवला तर मी त्याचं तंगडं मोडीन. ह्यात कुणाचं काम न्हाय. तू "आलो" म्हणून गेलास, तूच गेलं पायजे.

पाणी उतरून पायऱ्या कवा दिसतील ते लिव्ह. मी येते. एकटा जाऊ नगंस.

तेजश्री आता ताटात आर्धी भाकरी बाजूला काढून ठिवती. खात न्हाय. मनगटातली काकणं कोपरापत्तुर सरकत्यात.

चतुरा


पळसदेव
१२ मे १९९६

आक्का,

तू येत्या रविवारी येणार म्हणालीस. मी थांबलो न्हाय. राग मानू नगंस. आज पहाटं उठलो आन कळलं, की आणिक एक "थोडं थांब" मला जमायचं न्हाय.

आठी पायऱ्या उघड्या पडल्यात. देवळापत्तुर पाणी म्हणशील तर पोटरीएवढं, शेवटाला नुसता चिखूल. माणसं चालत जात्यात बगाया. मी होडी घिऊन गेलो. होडी आणतो म्हणलं हुतं.

शेवटचं शंभर पावलं होडी चिखलातनं दोरीनं वडली. काठावरची पोरं हसत हुती. "तात्याला याड लागलं, चिखलात होडी चालवतोय." हसू दे. पासष्टाव्या वर्सी छाती फुटायची येळ आली. पायरीला लावूनच थांबलो.

जायाच्या आदी घराचं दार काढलं. कुऱ्हाडीनं न्हाय, बिजागऱ्या खोलून, नीट. होडीत आडवं टाकून नेलं. सगळ्यात वरच्या पायरीवर ठिवलं. घे म्हणलं. तुज्या आदी ह्ये नेलं हुतं, आता ह्ये हितं ऱ्हाईल आन तू चल.

दुसरं काय म्हणायचं ते सुचंना. नाव घ्यावं म्हणलं तर ते नाव तोंडातनं निघंना. नकोशी म्हणून कसं बोलवायचं, न्यायाला आलेल्यानं? मग नुसतं म्हणलं, बाय, ऊठ. बा आला.

वारं न्हवतं. काय झालं न्हाय. मी जरा बसलो, मग होडी वडाया लागलो.

आक्का, जाताना होडीत सागवानी दार हुतं. येताना रिकामी. तरी चिखलातनं तेवढीच जड लागली. मी मागं बगितलं न्हाय. बगायचं न्हवतं मला. पाण्यावर आलो, वल्हं मारलं, तर होडीचं म्होरलं टोक वर उचललं न्हाय, जसं म्होरं कुणी बसलंय. हळूहळू आणली. काठाला लावली आन खाली उतरून हात म्होरं केला. उगाच. सवयीनं.

मग होडी हालली आन हलकी झाली.

घराला आता दार न्हाय. म्होरनं आत आलो. मागनं परड्याचं दार आपोआप लागल्याचा आवाज आला. वाऱ्यानं आसंल.

बारा वाजून गेलं हुतं तवा. घड्याळ बगितलं, तुला सांगावं म्हणून.

ज्ञानू


बारामती
१२ मे १९९६

ज्ञानू,

कार्ड घाईनं लिव्हतेय, पोष्टाची पेटी पाचला उघडत्यात.

मी रविवारी येणारच हाय, पण त्येच्या आदी एक इचारायचं हाय. आज दुपारी समदी जेवाया बसलो हुतो. तेजश्री नेहमीसारखी भितीला चिकटून. बाराचा भोंगा होऊन गेला हुता. घास हातात आसताना थांबली, मान वर केली आन म्हणाली, "आजी, होडी आली."

मग बाजूला काढल्याली आर्धी भाकरी उचलली, कालवणात बुडवली आन खाल्ली. आणिक एक मागितली. तिसरी मागितली तवा अंजली चुलीपुढं तोंड फिरवून बसली, परातीत पीठ मळत, उगाच.

पोरगी आता चटईच्या मधोमध ऐसपैस मांडी घालून बसलीय. मी म्हणलं, जरा सरक की गं, मला तरी जागा दे.

तर म्हणती, "आता समदी तुलाच हाय, आजी. बस."

आज तू कुठं हुतास?

चतुरा